आधी पाणी, मग आग

आमच्याकडे तांब्याचा बंब आहे. आजोबांनी घेतला, वडिलांनी वापरला आणि मी जाळला. तांबं असं जळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दिवाळीच्या पहाटे साडेचारला आमच्या अंगणात काय झालं, ते आधी ऐका.

गच्चीवर सोलर आहे, मोरीत गिझर आहे. तरी वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीला, मला बंबाच्याच पाण्याची अंघोळ लागते. धूर, राख आणि तापल्या तांब्याचा वास यांच्याशिवाय अभ्यंगस्नान म्हणजे नुसतं अंग ओलं करणं, असं माझं मत आहे आणि ते मी घरात दर वर्षी मांडतो. बायको ते दर वर्षी ऐकून घेते आणि गिझर लावते. तर यंदा मी अंधारात उठलो, बंब अंगणात ओढला, मधल्या नळ्यात वरून उसाचं वाळलेलं चिपाड आणि दोन गोवऱ्या सोडल्या आणि काडी लावली. बंब असा काही पेटला म्हणता! एरवी फुंकून फुंकून डोळ्यांचे कांदे होतात; त्या दिवशी पाचव्या मिनिटाला धुराड्यातून जाळ बाहेर. दहाव्या मिनिटाला खालून टप् टप् आवाज आला. तोटी गळतेय असं समजून मी बादली सरकवली. बादलीत पाणी पडत नव्हतं, पांढरे चकचकीत मणी पडत होते. बंबाच्या बुडाची झाळ वितळत होती. बंबात पाणी भरायचंच राहिलं होतं.

नेमके त्याच दिवाळीला दौंडचे मामा आमच्याकडे राहुरीला आलेले. मामा दौंडच्या लोको शेडात बॉयलरमेकर होते. वाफेची इंजिनं गेली, मामा डिझेलवर बदलले आणि तिथूनच निवृत्त झाले; पण डिझेलबद्दल ते व्याह्यांबद्दल बोलावं तसं बोलतात, मान राखून आणि जेवढ्यास तेवढं. ते अंगाला उटणं लावून, टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बंबाभोवती एक प्रदक्षिणा घातली. बोटाच्या पेरानं तीन जागी वाजवून बघितलं.

"लेड प्लग उडाला तुझा," मामा म्हणाले.

"मामा, बंबाला लेड प्लग नसतो."

"नाही ना? म्हणून तर बूडच उडालं."

आता लेड प्लग म्हणजे काय, हे मामांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल आणि मी निदान वीस वेळा मान हलवली असेल. माणूस मान हलवतो तेव्हा त्याला काहीही कळलेलं नसतं, हे बायकोला आमच्या लग्नापासून माहीत आहे. मामांना त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, "थांब, तुला आज इंजिनाचं पोटच दाखवतो." आणि टॉवेलवरच खाली बसून त्यांनी रांगोळीचा डबा ओढला.

बायकोनं दारापुढे सारवून, गेरू लावून चांगली सहा फुटांची जागा तयार ठेवली होती. तिथे मामांनी वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचा उभा छेद काढला. मधोमध लांब पिंप, एका टोकाला चौकोनी भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराची पेटी, तिच्या डोक्यावर धुराडं. उजाडताना समोरच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या. "नवीन डिझाइन आहे का हो? यूट्यूबवरचं?" बायको काही बोलली नाही. ती आत गेली आणि कुकर लावला.

मामांची रांगोळी मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा बरी होती. बॉयलरचं पोट पहिल्यांदा कळलं ते तिथे, उकिडवं बसून.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन हा बंबच आहे. आडवा पाडलेला, चाकांवर ठेवलेला. बंबात मध्ये जाळाचा नळा, भोवती पाणी; इंजिनात तेच. फरक एवढाच की बंबाला नळा एक. त्या एका नळ्यातून निम्मी ऊब वर आकाशाला जाते आणि उरलेल्या निम्मीत आपण अंघोळ करतो. १८२९ साली स्टीफन्सनच्या 'रॉकेट'नं ही उधळपट्टी थांबवली: जाळ एका मोठ्या नळ्यातून न सोडता तीन-तीन इंची पंचवीस तांब्याच्या नळ्यांतून पाण्यातून पार नेला. जाळ तोच, पाणी तेच, पण पाण्याला चिकटणारं तापलेलं अंग कितीतरी पट. पुढे इंजिनं वाढली तशा नळ्या शंभरावर गेल्या. फायरबॉक्समध्ये, म्हणजे त्या चौकोनी भट्टीत, उभं राहून समोर पाहिलं की त्या नळ्यांची तोंडं मोहोळासारखी दिसतात, असं मामा म्हणाले.

"फायरबॉक्समध्ये उभं राहून?" मी विचारलं.

"मग? बाहेरून काय दिसतंय!"

मामांची नोकरी पोटात शिरण्याची होती. इंजिन शेडात येऊन थंड झालं की कोळसा टाकायच्या दारातून बॉयलरमेकर आत सरकायचा. दार हाता-दीड हाताचं. आधी डोकं, मग एक खांदा, मग दुसरा, मग देवाचं नाव. थंड म्हणजे किती थंड, असं मी विचारलं. "साहेबाच्या मते थंड," मामा म्हणाले. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात हातोडी, खिशात खडू. आत मात्र ऐसपैस. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून निघालेलं डब्ल्यूजी मालगाडीचं इंजिन घ्या. त्याची जाळी, म्हणजे ज्यावर कोळसा जळतो ती, ४६ चौरस फुटांची. मुंबईत एवढ्या जागेला लोक किचन म्हणतात. मामी मात्र हे वर्णन ऐकून दर वेळी म्हणते, "तेव्हा त्या दारातून जायचे. आता आमच्या फाटकातून तिरपे येतात."

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मामांनी ठिपके काढले.

फायरबॉक्स ही पेटीत पेटी असते. आत जाळाची पेटी, बाहेर लोखंडाची पेटी, मध्ये चार-सहा बोटांची फट, आणि त्या फटीत उकळतं पाणी. डब्ल्यूजीच्या बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. आपला कुकर शिट्टी देतो तो साधारण पंधरा पौंडांना, म्हणजे चौदा कुकर एकावर एक. पण हा आकडा असा कळत नाही. मामांनी अंगणातली एक फूटभर फरशी दाखवली. एवढ्या एका फरशीएवढ्या पत्र्यावर आतून पावणेचौदा टनांच्या आसपास भार. हिशेब मी नंतर कॅलक्युलेटरवर केला, बरोबर आहे. आपल्याकडे भरलेला उसाचा ट्रक साखर कारखान्याच्या काट्यावर चढतो, तो असा एकेका फरशीवर उभा आहे असं समजा आणि भट्टीच्या चारही भिंतींना अशा किती फरश्या, ते मोजा. गोल पिंपाला हा दाब सोसतो, कारण गोल वस्तू सगळीकडे सारखी ताणली जाते. भट्टीच्या भिंती सपाट. सपाट पत्रा पापडासारखा फुगणार.

मग तो फुगत का नाही? कारण गादीला टाके असतात.

हे मामांचं वाक्य. पिंजारी गादी भरतो तेव्हा आरपार दोरा घालून हातभर अंतरावर टाके मारतो, नाहीतर कापूस एका जागी गोळा होऊन गादीचा लोड होईल. बॉयलरमध्येही आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा आरपार बोल्टांनी टाचलेला असतो. स्टे म्हणतात त्यांना. साधारण चार-चार इंचांवर एक, ओळीनं, शेकड्यांनी. एकेका स्टेच्या वाट्याला दीड टन येतो, म्हणजे टायरगाडीभर ऊस. अंगठ्याएवढा बोल्ट, दिवसरात्र टायरगाडी धरून उभा. मामांनी ठिपक्यांच्या रांगोळीसारखे हे स्टे काढले आणि समोरच्या वहिनींनी परत जाताना विचारलं, "किती ठिपके, किती ओळी?" मामांनी खरा आकडा सांगितला असावा, कारण वहिनींनी लिहून घेतलं नाही.

स्टे तुटतो. आतला पत्रा तापून वाढतो, बाहेरचा तेवढा वाढत नाही, मधला बिचारा वाकून वाकून मोडतो. कुठल्याही एकत्र कुटुंबात मधल्या भावाचं हेच होतं. एक तुटला की त्याची टायरगाडी शेजाऱ्यांवर, मग शेजारी तुटतो. म्हणून कित्येक स्टेंना बाहेरून बारीक भोक पाडून ठेवलेलं असतं. स्टे मोडला की त्या भोकातून वाफेची पिचकारी येते. इंजिन स्वतःच स्वतःची चहाडी सांगतं. आणि जो चहाडी सांगत नाही त्याला हातोडीनं विचारायचं. मामा आत उभे राहून एकेक स्टे वाजवायचे. धड असेल तर ठण्ण, तुटका असेल तर ठप्प. ठप्प झाला की खडूनं फुली. आपण उन्हाळ्यात माठ घेताना टिचकी मारतो, तेच. फक्त माठ फसवा निघाला तर पाणी गळतं आणि इथे ड्रायव्हर-फायरमन जातात.

या सवयीनं मामांचं आयुष्य वाजवण्यात गेलं. ते आमच्याकडे आले की आधी माठ वाजवतात, मग नव्या टाइल्स, मग टेबलावरचं कलिंगड. बाथरूममधल्या सात टाइल्सवर त्यांची खडूची फुली अजून आहे. त्यातल्या तीन खरोखर पडल्या. मला खोकला झाला तेव्हा माझी पाठ वाजवून त्यांनी "चालेल अजून" असा शेरा दिला होता.

त्यांचा नातू इंग्लंडात असतो. यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये एक इंजिन आहे, 'एलरमन लाइन्स' नावाचं, त्याचं अंग कापून पोट लोकांना दिसेल असं उघडं ठेवलंय. नातवानं तिथून व्हिडिओ कॉल लावला. नळ्या, स्टे, भट्टी, सगळं दाखवलं. मामा फोनला नाक लावून बघत होते. शेवटी एकच म्हणाले, "वाजवून बघ रे जरा." नातू म्हणाला, "आजोबा, लोक बघतायत." मामांनी फोन ठेवला.

तर लेड प्लग. भट्टीच्या छतावर कायम पाणी हवं. पाणी आहे तोवर खाली कितीही जाळ असो, छताचा पत्रा पाण्याच्या फार पुढे तापत नाही आणि २१० पौंडांखाली पाणी उकळतं २०० अंशांच्या आसपास. पाणी खाली गेलं, छत उघडं पडलं, की पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि वरचे ट्रक खाली येतात. पुढे जे होतं त्याबद्दल मामा बोलत नाहीत. म्हणून छतात एक पितळी बूच बसवतात, त्याच्या मध्यभागी शिसं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. पत्रा मऊ पडायच्या आत शिसं वितळून भोक पडतं आणि वाफ आगीत शिरून बोंब मारते.

"म्हणजे कुकरच्या झाकणावर असतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह," बायको आतून म्हणाली. "पाणी घालायचं विसरलं की उडतो तो. आपला दोनदा उडालाय. दोन्ही वेळा खिचडी ह्यांची होती."

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की, मी तिथे उगाच उकिडवा बसलोय हे माझ्या लक्षात आलं. "सूनबाई, तुम्ही शेडात यायला हव्या होता," ते म्हणाले.

लेड प्लग उडणं ही त्या काळी शेडात चोरीपेक्षा मोठी अब्रूची गोष्ट. चौकशी, कागद, साहेबापुढे उभं राहणं. आणि गंमत म्हणजे यात आपल्या राहुरीचा थोडा हात आहे. दौंड-मनमाड लाइन १८७८ सालची. नगर पठारावर आहे आणि राहुरी मुळेकाठी शंभरावर मीटर खाली. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, मामांच्या तोंडात मात्र अजून गाडी नगरलाच थांबते.) म्हणजे नगरहून विळद, वांबोरी करत इंजिन राहुरीकडे येतं ते उतरत उतरत. इंजिनाचं नाक खाली झालं की बॉयलरमधलं पाणी पुढे धावतं आणि मागे, भट्टीच्या छतावर, कमी होतं. गेजच्या काचेत मघापर्यंत दिसणारं पाणी उतार लागताच दिसेनासं व्हायचं. म्हणून उतार लागायच्या आधीच फायरमननं पाणी चढवून ठेवायचं. आपल्याकडे धरणात पाणी असूनही शेपटाच्या शेतकऱ्याला आवर्तन मिळत नाही, ते वेगळं काही नाही.

पाणी चढवायचं म्हणजे तरी कसं, हा प्रश्न मी विचारला आणि मला वाटलं, मी हुशार आहे. आत २१० पौंड दाब आहे. बाहेरचं पाणी आत शिरेल कसं? तेच आतली वाफ बाहेर मुसंडी मारेल. यावर १८५८ साली जिफार नावाच्या फ्रेंच माणसानं इंजेक्टर काढला. त्यात हलणारा भाग जवळजवळ नाही. बॉयलरचीच वाफ घ्यायची, ती निमुळत्या तोंडातून वेगानं सोडायची, तिच्या रेट्यात टेंडरचं, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या टाकीचं, थंड पाणी ओढायचं आणि त्याच बॉयलरमध्ये ढकलायचं. बॉयलरची वाफ घेऊन बॉयलरलाच पाणी पाजायचं! शास्त्रज्ञांनाही हे आधी पटायला जड गेलं म्हणतात. राहुरी तालुक्यात कुणालाही जड जाणार नाही. सोसायटीचं कर्ज काढून सोसायटीचंच कर्ज फेडायचं, याला आपण नवं-जुनं म्हणतो आणि दर मार्चला करतो.

टेंडरात वीस-बावीस हजार लिटर पाणी, म्हणजे दुष्काळातले दोन टँकर. आणि ते पाणी प्यायचं नसलं तरी त्याची चव बॉयलरला कळते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जशी पांढरी खपली धरते, तशी बॉयलरच्या नळ्यांवर धरायची. खपली धरली की ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त लागतो, पत्रा जास्त तापतो. मग ठरल्या मुदतीत इंजिन थंड करून, पोटाची बुचं काढून, जोराच्या पाण्यानं धुवायचं. वॉशआउट. खपली बघून इंजिन कुठल्या स्टेशनाचं पाणी पिऊन आलंय ते सांगायचो, असं मामा म्हणतात. यातलं खरं किती ते मामा जाणोत.

रांगोळीत शेवटी उरलं धुराडं. लहानपणी रात्री आम्ही अंथरुणात पडून लांबून भक् भक् ऐकायचो. गाव एकीकडे आणि स्टेशन एकीकडे, पण वारा इकडचा असला की आवाज यायचा. मला वाटायचं, इंजिनाला दम लागलाय. मामा म्हणाले, तो दम नव्हे, फुंकणी. सिलिंडरमधून काम करून आलेली वाफ फेकून न देता धुराड्याच्या बुडाशी वर सोडतात. ती जाताना धूर ओढून नेते, धुराच्या जागी भट्टीतून वारा ओढला जातो, जाळ भडकतो. दोन सिलिंडरच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार फुंका. चढ लागला की इंजिन जोरात ओढणार, जोरात फुंकणार, आपोआप जास्त वाफ होणार. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायला कुणी नको. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं, त्यांनी आपल्या घरी चूल कुणाला फुंकायला लावली, ते इतिहासात नाही.

आता राहुरीत बॉयलर म्हटलं की साखर कारखाना. दसऱ्याच्या आगेमागे आमंत्रण येतं: बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ, अमुक संचालक व त्यांच्या सौभाग्यवती यांच्या शुभहस्ते. आसपासच्या एका कारखान्याच्या अशा समारंभाला मी मामांना नेलं होतं. सगळे दारापुढे नारळ, फुलं, भाषणं यांत. मामा मागच्या बाजूला जाऊन वाजवत होते. वॉचमननं हाताला धरून आणलं. त्यांचा एकच आक्षेप होता. "हा बॉयलर उलटा आहे." खरंच उलटा असतो. इंजिनात आणि बंबात आग नळीत, पाणी बाहेर. कारखान्यात पाणी नळीत, आग बाहेर. दाब वाढवायचा तर मोठ्या पिंपापेक्षा बारीक नळी बळकट, आणि फुटलीच तर एक नळी फुटते. हे मी मामांना समजावलं. त्यांनी मान हलवली.

तिथला बॉयलर सरकारी माणूस येऊन तपासतो. सरकारी मराठीत बॉयलरला बाष्पक म्हणतात आणि त्याचं बाष्पके संचालनालय असतं. मामांनी विचारलं, "बाष्पक कोण, नवीन साहेब?" कायदा १९२३ चा होता, २०२५ मध्ये नवा आला. पण माझं मत विचाराल तर कागद नवा असो की जुना, अग्निप्रदीपनाला दारापुढे दोनशे माणसं उभी असतात आणि पोटात शिरणारं एक असतं. पत्रिकेवर त्याचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

भाऊबीज झाल्यावर बंब नगरला तांबटकाकांकडे नेला. मामा बरोबर. बूड परत झाळायचं ठरलं. तेवढ्यात मला 'रॉकेट' आठवलं आणि मी म्हणालो, "काका, मधला एक नळा काढून बारीक पंचवीस नळ्या नाही का टाकता येणार?"

काकांनी बंब उचलून आत डोकावून पाहिलं. "येतील की. मग पाणी कुठं भरायचं?"

"राहील थोडं."

"अन् राख काढायला हात कुणाचा घालायचा?"

"इंजिनात ब्रश असतो."

"मग इंजिनच घ्या ना," काका म्हणाले आणि मामांनी त्यांच्याशी हात मिळवला.

बंब दुरुस्त होऊन घरी आला तेव्हा मी चिपाड गोळा करायला लागलो. मामांनी अडवलं. आधी हायड्रॉलिक टेस्ट. थंड पाण्यानं काठोकाठ भरून ठेवायचा. बॉयलरचीही परीक्षा थंड पाण्यावरच होते, कारण पाणी दबत नाही, जोड सुटला तर नुसतं गळतं, स्फोट होत नाही. बंब रात्रभर गच्चीवर ठेवला. खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी मामा आणि मी टॉर्च घेऊन वर गेलो. बूड कोरडं ठणठणीत. मामांनी तीन जागी वाजवलं, मला ऐकवलं आणि पोटावर खडूनं 'पास' लिहिलं. बायकोनं त्याच्याखाली ऑइलपेंटनं लिहिलं: 'आधी पाणी, मग आग.'

तोटी मात्र मिनिटाला अकरा थेंब गळते. मामांनी मोजलेत.